थोडं ॲडजस्ट करा की

अन्वी आणि ओम, रविवारी मी फोन मध्येच बंद केला तो रेंज गेली म्हणून नाही. मी चिडले होते. सुट्टीला घरी आलेली अन्वी सांगत होती की होस्टेलच्या खोलीत दुसऱ्या मुलीची बहीण तीन आठवडे राहायला आली आहे, तिनं अन्वीचं टेबल घेतलंय, आणि अन्वी अभ्यासाला जिन्यात बसते. त्यावर तुमची आई मागून म्हणाली, "अगं, थोडं ॲडजस्ट कर." मी फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत ओट्यापाशी नुसती उभी राहिले.

हा शब्द ऐकला की मला एक माणूस दिसतो. मी शिकवायचे त्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना हेडसर म्हणत, मीही तेच म्हणेन. नाव लिहीत नाही, कारण त्यांची मुलं अजून सोलापुरातच आहेत आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. हेडसर मागच्या महिन्यात गेले. शाळेत शोकसभा झाली. अकरा माणसं बोलली आणि अकराही जणांनी एकच वाक्य सांगितलं, "सरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही." हे खरं आहे. त्याचाच मला राग आहे.

दिसायला बुटके, टक्कल नीट पुसलेलं, पांढरा बुशशर्ट. खिशात दोन पेनं आणि त्यांच्या मधोमध एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. वर्गात शिकवणं चालू असताना ते आत यायचे, "चालू द्या मॅडम, चालू द्या," म्हणत थेट एखाद्या बाकाखाली शिरायचे आणि स्क्रू आवळायला लागायचे. मी कविता शिकवतेय, चाळीस मुली तोंडावर हात धरून हसताहेत, आणि बाकाखालून मुख्याध्यापकांच्या चपला बाहेर आलेल्या. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर ती सरळ करायचे. घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं तर खुर्चीवर चढायचे. मुलांची कॉलर, मुलींच्या रिबिनी, फळ्याचा कोन, सगळ्याला त्यांचा हात लागायचा. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. खोटं कशाला सांगू, पहिली काही वर्षं मलाही ते आवडायचे.

त्यांचं गाव होटगीकडचं, घरात कन्नड. रोज रेल्वेनं सोलापूरला यायचे. तीस वर्षांत एकदाही उभं राहून प्रवास केला नाही, हे त्यांनी मला अभिमानानं सांगितलं होतं. कसं, तेही सांगितलं होतं. तिघांच्या बाकड्यापाशी जायचं आणि हसून म्हणायचं, "स्वल्प ॲडजस्ट माडी." म्हणजे जरासं ॲडजस्ट करा. मग रुमाल टेकवायचा. मग अर्धी मांडी. मग गावाकडचं, पिकापाण्याचं विचारत विचारत दुसरी मांडी. "आन् टिकेकरवाडी ठेसन गेलं की मॅडम, खिडकी आपली!" पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, आणि सोलापूर येईपर्यंत मुळात बसलेला माणूस उभा असायचा. शिवाय उतरताना तोच सरांना नमस्कार करायचा. ही गोष्ट ते स्टाफरूममध्ये नेहमी सांगत आणि आम्ही नेहमी हसत असू. उभा राहिलेला माणूस कोण असेल, त्याला पुढे कुठवर जायचं असेल, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

माझ्या लहानपणी शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी हा शब्द शिकवला तेव्हा टेबलावर दुर्बीण ठेवली होती. काच फिरवा, लांबचं झाड स्पष्ट दिसेपर्यंत. ते ॲडजस्ट करणं. पट्ट्याचं बक्कल, तराजूचा काटा, सायकलची सीट. मी मुलींना हेच शिकवत आले. हेडसरांच्या तोंडी मात्र या एका शब्दात शाळेचा सगळा कारभार मावायचा. एखादे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास दुसऱ्याच्या माथी मारायचा, ती ॲडजस्टमेंट. त्याचं रजिस्टर माझ्याकडे होतं, रोज सकाळी मी ते भरायचे. एकोणतीस मार्कांचे पस्तीस करायचे, तेही ॲडजस्ट. प्रयोगशाळेत गॅदरिंगचं सामान कोंबलं आणि सबंध वर्ष विज्ञानाचे प्रयोग फळ्यावर झाले, तेव्हाही तेच. आमटीत मीठ कमी पडलं तरी ॲडजस्ट, आणि कुणाच्या पुतणीचं लग्न भलत्याच घरी ठरलं तरी, "पोरगी गुणी हाय, ॲडजस्ट होईल की." मीठ आणि पोरगी, दोन्हींना एकच शब्द. तेही त्याच हसऱ्या चेहऱ्यानं.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार एका जूनमध्ये निखळलं. मी लेखी तक्रार दिली. "करू की मॅडम. तोवर मुलींना सांगा, थोडं ॲडजस्ट करा." तोवर म्हणजे गणपतीपर्यंत. मग दिवाळीपर्यंत. सातवी-आठवीच्या मुली जोडीजोडीनं जायच्या, एक आत आणि दुसरी बाहेर ओढणी धरून उभी. काही मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. सोलापूरचं ऊन तुम्हाला आठवतं ना? त्या उन्हात. एक मुलगी प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. आणि ज्या माणसाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता, तो त्या दारासमोरून रोज चार वेळा जायचा. बाकाखाली शिरायचा, तसबिरी सरळ करायचा. ते दार त्याला दिसायचं नाही.

पडलेल्या मुलीची आई आली. मागावर कापड विणणाऱ्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. ऑफिसात बसायला खुर्ची दिली तर बसली नाही.

"सर, तुमच्या घरात संडासला दरवाजा हाय का न्हाय?"

"अक्का, ऐका की. मंजुरी यायची हाय. थोडं ॲडजस्ट करा."

"आमी रोज करतो. आज तुमी करा. आजचा दिवस तुमी माज्या पोरीसारकं बिनदरवाजाचं जावा."

हेडसर हसले. खरंच हसले, आणि तिच्यासाठी चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आणि दीर नव्या बिजागऱ्या घेऊन आले आणि त्यांनी अर्ध्या तासात दार बसवलं. गॅदरिंगच्या भाषणात हेडसर म्हणाले, "पालकांच्या सहकार्यानं आपण तेही ॲडजस्ट केलं." टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले. तेवढं केलं, तर आपण मोठं काही केलं असं मला वाटलं होतं.

आता मंदाबद्दल. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. मंदा आणि मी एकाच दिवशी, एका जूनच्या पहिल्या सोमवारी, त्या शाळेत रुजू झालो. दोघींचाही विषय इंग्रजी. वीस वर्षांहून जास्त आम्ही शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. तिनं लग्न केलं नव्हतं. आई-वडील गेले, भाऊ दूर, ती एकटी राहायची. तिचं हसणं मोठं होतं. वर्गात खडू फेकून मारायची आणि मधल्या सुट्टीत त्याच मुलीला जवळ बसवून निबंध तपासून द्यायची.

मराठी शाळांची पटसंख्या तेव्हा घसरू लागली होती. मुलं कमी झाली की शिक्षकांची पदं कमी होतात आणि एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्याला जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे पाठवतात. सरकारी भाषेत त्याला समायोजन म्हणतात. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र सगळे ॲडजस्ट करणंच म्हणायचे. त्या वर्षी इंग्रजीचं एक पद गेलं. म्हणजे मी किंवा मंदा. सेवाज्येष्ठतेच्या यादीत जिचं नाव खाली, ती जाणार. रुजू होण्याची तारीख एकच असेल तर वयानं मोठी ती वरची. मंदा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. म्हणजे जायचं मला होतं. नियम एवढा सरळ होता.

आता शाळेतली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कुठलीही सूचना असली की ती सूचना वहीत लिहायची, आणि शिपाई मामा ती वही वर्गावर्गात फिरवायचे. आपण फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलेलं असतं, मागे मुलांचा गलका, मामा दारात उभे. वही टेबलावर ठेवायची, आपल्या नावापुढे सही करायची आणि पुन्हा खडू घ्यायचा. शनिवारी शाळा सकाळची, पोलिओचा डोस, शिष्यवृत्तीचे अर्ज. वाचतं कोण? कुणीच नाही. पण सही झाली की ती सूचना वाचली आणि मान्य केली, असा अर्थ होतो.

मी मात्र वाचते. वाचल्याशिवाय सही माझ्या हातून होत नाही. एके दिवशी पाचव्या तासाला वही आली. वर मार्चपासून सकाळची शाळा, मध्ये पाण्याच्या टाकीबद्दल चार ओळी, आणि खाली चिकटवलेली सेवाज्येष्ठता यादी. हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी द्यावी. यादीत माझं नाव मंदाच्या वर होतं. जन्मतारखेचा रकानाच त्या यादीत नव्हता. मंदाचा वर्ग माझ्या आधी लागायचा. तिची सही झालेली होती, तिची नेहमीची घाईची, शेवटची रेघ कागदाबाहेर गेलेली.

मीही सही केली. मामा दारात उभे होते, मुली गोंधळ घालत होत्या. या दोन्ही सबबी मी तेव्हाच मनात तयार केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले.

"सर, यादीत चूक आहे."

"बसा की मॅडम. चूक न्हाय हो. ॲडजस्ट केलंय."

"मंदा माझ्याहून मोठी आहे."

"चार महिन्यांनी! चार महिने म्हंजे काय ओ, एक पावसाळा." ते टेबलावरचा पेपरवेट कागदाच्या बरोबर मध्यावर सरकवत होते. "तुमच्या सासूबाई अंथरुणाला. पोरगं बारावीला. लेक बाळंतपणाला आली हाय. तुमी त्या उजनी धरणाच्या काठच्या शाळेत जाऊन कुटं राहणार? घर कोण बगणार? तिला कोण हाय? एकटा जीव. कुटंबी ॲडजस्ट होईल."

"तिला विचारलंत?"

"इचारलं की माणूस इचार करत बसतं मॅडम. न इचारता झालं की लगेच ॲडजस्ट होतं."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. त्या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य असावं ते. त्यांनी चहा मागवला. त्या बाईनं घेतला नव्हता. मी घेतला.

अन्वी, ती बाळंतपणाला आलेली लेक म्हणजे तुझी आई, आणि तू तेव्हा सव्वा महिन्याची होतीस. हे तुझ्या डोक्यावर ठेवावं म्हणून लिहीत नाही. बाळ घरात असतं तेव्हा प्रत्येक भेकडपणाला चांगलं नाव देता येतं, एवढंच सांगते. आठ दिवस मी रोज ठरवायचे, आज मंदाला सांगायचं. रोज घरी येऊन तुला मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, उद्या. नवव्या दिवशी उद्या शिल्लक राहिला नाही.

मंदाला उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातली शाळा मिळाली. सोलापूरहून रोज जाणं-येणं जमणार नव्हतं. तिथे खोली घेऊन राहावं लागणार होतं. निरोप समारंभात हेडसरांनी तिला शाल-नारळ दिला आणि म्हणाले, "मॅडम कुटंबी ॲडजस्ट होतील, असा आमचा विश्वास हाय." मंदानं शाल घेतली. बोलायला उभी राहिली नाही.

पहिल्या वर्षी तिची दोन पत्रं आली. तिथल्या मुलांविषयी, शेतांना पाणी उपसत रात्रंदिवस चालणाऱ्या मोटारींच्या आवाजाविषयी. मी मोठी उत्तरं लिहिली आणि त्यात हवापाण्याखेरीज काही नव्हतं. मग पत्रं थांबली. पुढे एका लग्नात हेडसर भेटले, तेव्हा ते निवृत्त झाले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "कसं सगळं ॲडजस्ट झालं बगा मॅडम!" त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. आपण दोन बायकांचं भलं केलं अशीच त्यांची खात्री होती, आणि त्याच खात्रीनं ते गेले. वाईट माणूस असता तर मी एव्हाना विसरले असते. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा हसत हसत हलवल्या आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी त्याला देवमाणूस म्हटलं. त्यांत मी एक.

शोकसभेत मलाही बोलायला सांगितलं. मी उठले, माईकपर्यंत गेले आणि म्हणाले, "मला काही बोलायचं नाही." सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडमना गहिवरून आलं आहे." मी परत येऊन बसले, आणि बसल्याबसल्या ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी मंदाकडे गेले. निवृत्त झाल्यावर ती त्याच गावात राहिली, हे मला ऐकून माहीत होतं. थांब्यावर उतरल्यावर विचारलं तर एक बाई म्हणाली, "इंग्लिशच्या बाई व्हय? ते काय केळीच्या मागचं घर." मंदा दारातच होती. केस पूर्ण पांढरे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"ये. बस."

"हेडसर गेले."

"कळलं मला."

तिनं पाणी दिलं. मी भांडं खाली ठेवलं. "मंदा, मला तुला एक सांगायचंय. खूप आधी सांगायला हवं होतं."

"यादीचं?"

मी मान हलवली.

"दुसऱ्याच दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "शिपाई मामांनी सांगितलं. 'बाई, तुमी न वाचता सही केली, तुमचं नाव खाली हाय,' म्हणाले. मी वही मागून घेतली आणि वाचली. तुझी सही माझ्या सहीखाली होती. आणि तू वाचल्याशिवाय सही करत नाहीस."

"मग हरकत का नाही घेतलीस?"

"अर्ज लिहिला होता. पर्समध्ये होता. पण तुझ्या घरी बाळ, सासूबाई तशा. मी म्हटलं, ही बोलेल. बोलली की दोघी बसू आणि ठरवू. कदाचित मीच गेले असते गं. कदाचित नसते गेले. पण मला विचारायला नको? त्यांनी नाही विचारलं, ते समजू शकते. ते कुणालाच विचारायचे नाहीत."

बाहेर कुणाची तरी मोटार सुरू झाली आणि पाटात पाणी पडायला लागलं. मी म्हटलं, "माझं चुकलं." फार बारीक आवाजात म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "आणि हे बघ, मी इथे ॲडजस्ट झाले असं सोलापुरात कुणाला सांगू नकोस. सात वर्षं रोज राग यायचा मला. सकाळी प्रार्थनेला उभी राहिले तरी यायचा. मुलं गुणी होती, म्हणून टिकले."

"मंदा..."

"आठ दिवस होते ना? मधला रविवार सोडला तर सात. सातही दिवस मधल्या सुट्टीत मी तुझ्याशेजारी डबा उघडला. सातही दिवस तू मला शेंगाची चटणी वाढलीस आणि बाळानं आज काय केलं ते सांगितलंस."

ती उठली, माझं भांडं उचललं आणि आत नेऊन विसळलं. परत आली तेव्हा हात पदराला पुसत होती. "पाचची एसटी असते," ती म्हणाली. "ती चुकली तर मग उद्याच." मी पिशवी उचलली. ती दारापर्यंत आली, पायरी उतरली नाही.